फुई येईपर्यंत: एन्टेबे ते तापीकाठ

एन्टेबे

विमानतळावर आमच्याकडे चार बॅगा, एक फाइल आणि चौदा महिन्यांची मुलगी होती. फाइलमध्ये कंपालाच्या न्यायालयाचा दत्तक आदेश, मुलीचा युगांडाचा पासपोर्ट, त्यावरचा भारताचा व्हिसा, लसीकरणाचे कार्ड आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती होत्या. सुरक्षा तपासणी होईपर्यंत मी ती फाइल पाच वेळा उघडून पाहिली. तेवढ्या वेळात मुलीने एक बूट दोनदा हरवला.

माझा नवरा किशोर साखर कारखान्यात केमिस्ट आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी त्याच्या घरची ऊस-केळीची शेती आहे. युगांडातल्या कारखान्यातला त्याचा करार संपला होता आणि आम्ही कायमचे परत निघालो होतो. युगांडाला जाण्याआधी मी नाशिकमध्ये एका दैनिकात उपसंपादक होते. मुलगी दोन महिन्यांची असल्यापासून आमच्याकडे होती. आधी कायद्यानुसार वर्षभर सांभाळायला, मग आदेशाने आमची.

ज्या संस्थेतून ती आली तिथे तिला सांभाळणाऱ्या जॉयस नावाच्या बाईने पहिल्याच दिवशी तिचे नाव किराबो ठेवले होते. न्यायालयातल्या कारकुनाने कुटुंबाने द्यायचे नाव विचारले तेव्हा खिडकीशी आमच्या मागे रांग होती. किशोरने ‘अन्वी’ लिहून दिले. तेच आदेशावर आले आणि तेच पासपोर्टवर: किराबो अन्वी पाटील.

निघायच्या आठवडाभर आधी किशोरने खापर गावी राहणाऱ्या थोरल्या बहिणीला व्हिडिओ कॉल केला. रेखाताईंनी मुलीकडे पाहिले. मग एकच प्रश्न विचारला.

“नाव ठी दिनं का?”

“कागदवर लिखनं पडनं, ताई. अन्वी.”

“मंग मन्हं काय काम शे?” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी उचलला नाही.

किशोरच्या घरात मुलाचे नाव आत्या ठेवते. तिकडे आत्याला फुई म्हणतात. फुई पाळण्याशी बसते, बाळाच्या कानात नाव सांगते आणि त्यानंतर ते इतरांना कळते. बाप नाव ठरवत नाही, आजोबाही नाही. किशोरला एकच बहीण. ती आली नाही तर तिच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवण्याची रीत नाही.

नावाचा राग वरवरचा होता. खालचा अकरा वर्षांचा होता. ताईंना तिसरी मुलगी झाली तेव्हा आमच्या लग्नाला बरीच वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. ताईंनी ती मुलगी आम्हाला देऊ केली. भावाला मूल नसेल तर बहिणीने किंवा भावकीतल्या कोणी आपले मूल द्यावे, हे या भागात नवे नाही. दत्तक म्हणजे तेच, अशीच समजूत आहे. किशोरने नाही म्हणून कळवले. मी गप्प राहिले, कारण नकार दुसऱ्याने देणे सोयीचे होते. आपली मुलगी भावाला चालली नाही, एवढेच ताईंनी त्यातून घेतले. आता तोच भाऊ समुद्रापलीकडून मुलगी आणत होता.

म्हणजे या प्रवासात मुलगी गावापर्यंत न्यायची होती आणि ताईंना मुलीपर्यंत आणायचे होते. पहिल्या कामाचे कागद आमच्याकडे होते.

मुंबई

विमानात ती एकूण चाळीस मिनिटे झोपली. उरलेला वेळ तिने दोन आसनांमधल्या जागेत उभे राहून मागच्या रांगेतल्या प्रवाशांची चौकशी केली. मागे बसलेल्या गृहस्थांनी तिला चष्मा दिला, तो तिने परत दिला नाही.

मुंबईला इमिग्रेशनच्या खिडकीवर नेमकी ती गाढ झोपली. पासपोर्ट नवा, पण त्यावर फोटो संस्थेच्या फाइलमधलाच लागला होता, दोन महिन्यांच्या, केस नसलेल्या बाळाचा. माझ्या खांद्यावरच्या मुलीला कुरळ्या केसांच्या सहा वेण्या. अधिकाऱ्याने फोटो पाहिला, वेण्या पाहिल्या.

“डोळे उघडायला सांगा.”

“सांगून ती उघडत नाही,” किशोर म्हणाला.

अधिकारी थांबला, आम्ही थांबलो. मागची रांग खोकू लागली. शेवटी त्याने शिक्का मारला आणि त्या आवाजाने तिने डोळे उघडले. त्याने पुन्हा एकदा फोटोशी ताडून पाहिले आणि मान हलवली. मी फाइल बंद केली. बाहेर येऊन पुन्हा उघडली. शिक्का योग्य पानावर होता.

मुक्काम स्टेशनजवळच्या हॉटेलात होता. काउंटरवरच्या मुलीने आमची आधार कार्डे घेतली, पासपोर्ट पाहिला आणि म्हणाली, “बाळ फॉरेनर आहे. हिचा फॉर्म वेगळा.” परदेशी नागरिक मुक्कामाला आला की मुक्काम देणाऱ्याने चोवीस तासांत कळवायचे असते, हे मला बातम्यांमुळे माहीत होते. ते आपल्या घराला लागू होईल हे लक्षात आले नव्हते.

“घरी गेल्यावरही भरायचा?”

“घर कोणाच्या नावावर आहे?”

“सासऱ्यांच्या.”

“मग त्यांनी भरायचा,” ती म्हणाली आणि आमच्या मुलीच्या हातातून पेन काढून घेतले.

किशोरने त्या संध्याकाळी ताईंना दोनदा फोन लावला. रिंग पूर्ण वाजली.

सुरत ते नंदुरबार

मुंबईहून सकाळच्या गाडीने सुरत आणि तिथून दुपारची भुसावळकडे जाणारी पॅसेंजर धरली. गाडी बदलण्याची यातायात होती, पण मुलीला दिवसाच्या गाडीत सांभाळणे सोपे असे आम्ही गृहीत धरले होते. तो अंदाज चुकला. दिवसाच्या गाडीत तिला बघायला माणसे होती आणि माणसांना बघायला ती.

सुरत सोडल्यावर समोरच्या बाकावरच्या माणसाने गुजरातीत विचारले, “सिद्दी छे?” गुजरातमध्ये शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांची वस्ती आहे, त्यांना सिद्दी म्हणतात. प्रश्नात कुतूहलाखेरीज काही नव्हते. किशोरने नाही सांगितले. त्या माणसाने उकडलेल्या शेंगांची पुडी पुढे केली. मुलीने एक शेंग घेतली, सालासकट चावली, बाहेर काढली आणि त्याच्याच तळहातावर ठेवली.

व्यारानंतर डोंगर जवळ येतात. साग पानगळीला लागला होता. नवापूरला दोंडाईच्याला जाणारी एक बाई चढली, पन्नाशीची, मांडीवर पपईची पिशवी. तिने आधी मुलीला नीट पाहिले, मग मला.

“कोनी पोर शे?”

“आमची,” मी म्हटले.

ती किशोरकडे वळली. “जमाई कोठला शे?”

माझे वय शेचाळीस आहे. तिने मला आजी धरले, ते गैर नव्हते.

“जमाई नही, माय,” किशोर म्हणाला. “पोरच आमनी शे. दत्तक लिधी. आफ्रिकानी.”

बाईने तोंडावर पदर घेतला. मग काढला. “एवढ्या दूर? भाऊबंदमा कोनी पोर नही व्हती का?”

किशोर खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर तुरीची कापणी झालेली शेते होती, पाहण्यासारखे काही नव्हते. बाईने पपई फोडली, बिया खिडकीबाहेर टाकल्या आणि एक फोड मुलीच्या हातात दिली. मुलीने ती खाल्ली, दुसरी मागितली, हात माझ्या ओढणीला पुसले आणि बाईच्या मांडीवर चढली. नंदुरबार येईपर्यंत ती तिथेच होती. आम्ही उतरताना बाई म्हणाली, “देखजा हां, नजर लागी.” त्यावर ती स्वतःच एवढी मोठ्याने हसली की तिच्या पिशवीतली उरलेली पपई खाली पडली.

नंदुरबारला उतरल्याबरोबर मुलगी शिंकू लागली. मिरचीचा हंगाम होता. गावाबाहेर पथारींवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागांवर, लाल मिरची पसरलेली असते आणि वारा तिकडून असला की स्टेशनापर्यंत ठसका येतो. स्थानिक माणसाला तो जाणवत नाही. किशोरलाही जाणवला नाही. तो बॅगा मोजत होता. मुलगी सात वेळा शिंकली, मग खोकली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. मी लसीकरणाचे कार्ड काढले, त्याचा काही उपयोग नव्हता. रिक्षावाल्याने आरशातून पाहिले आणि म्हणाला, “ताई, तोंडवर ओला रुमाल धरा. दोन दिनमा सवय व्हई जाई. आमना आठे जावाईले बी पहिले हाईच व्हस.”

तापीकाठ

गाव प्रकाशापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. घर धाब्याचे, पुढे ओटा, मागे गोठा. सासरे अण्णा ओट्यावर बसले होते. ते आयुष्यभर ऊस लावत आले आहेत. त्यांनी नात पाहिली, मान डोलावली आणि किशोरला विचारले, “तठे एकरी उस कितला व्हस?” किशोरने आकडा सांगितला. अण्णांचा विश्वास बसला नाही. पाणी कोणते, जात कोणती, तोडणीनंतर खोडवा किती वेळा, असे अर्धा तास चालले. तेवढ्या वेळात नात त्यांच्या खाटेखाली जाऊन आली, त्यांची चप्पल घेऊन गेली आणि गोठ्याच्या दारात ठेवून आली. अण्णांनी उसाबद्दल बोलत बोलतच जाऊन चप्पल आणली. हे तीन वेळा झाले.

सासूबाईंनी तिला उचलले, हातापायांवरून हात फिरवला आणि मला सांगितले, “आंगे तेल लाव व तिले. आखी कोल्ली पडनी शे.” मग स्वतःच लावले. ओट्याजवळ शेजारच्या तीन बाया जमल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, “कायी शे, पन डोया गोड शेत.”

“तुन्हा वावरनी माटी कोनती शे?” सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. “धवयी शे का?”

बाकीच्या दोघी हसल्या. तापीकाठची माती गडद काळी आहे आणि त्या बाईच्या शेताला गावात मोठा भाव आहे.

जेवणाचा प्रश्न वेगळा होता. युगांडात तिला मातोके आवडे. हिरवी केळी पानात गुंडाळून वाफवतात आणि ठेचतात. केळीच्या गावात चाललो आहोत म्हणून मी निश्चिंत होते. सासूबाईंनी शेतातून हिरवी फणी आणवली, केळी उकडली, ठेचली. रंग वेगळा आला, वासही वेगळा. आमच्याकडची केळी पिकवून खाण्याची आणि तिकडची ठेचून खाण्याची, हे मला तेव्हा कळले. मुलीने एक घास घेतला आणि तो भिंतीवर मारला. सासूबाईंनी भिंतीकडे पाहिले. “चव तं समजस हाई पोरले,” असे म्हणून त्यांनी मुगाची खिचडी चढवली. ती तिने वाटी चाटून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा फॉर्म भरायला किशोरबरोबर पोलीस ठाण्यात गेले. मुलीला न्यायची गरज नव्हती, पण ती अण्णांच्या धोतराचा सोगा सोडेना, म्हणून मीही गेले. हवालदाराने विचारले, परदेशी पाहुणा कुठे आहे? अण्णांनी बोट दाखवले. पाहुणी त्याच्या टेबलाखाली होती. फॉर्ममध्ये एक रकाना होता: भारतात नोकरी करते का. हवालदाराने तो गंभीरपणे वाचला.

“नाही,” किशोर म्हणाला.

“चपला उचलस,” अण्णा म्हणाले. “पगार नही.”

परतताना अण्णांनी ज्याची मी तीन दिवस वाट पाहत होते तो विषय काढला. “बारसं कवय करतस? रेखा येस का?”

“फोन करी ऱ्हायनू,” किशोर म्हणाला. “उचलत नही.”

अण्णा रस्त्यात थांबले. “फोनवर? फुईले फोनवर बलावतस का? दारशी जावो. नारय ली सन जावो. तुले तठे हाई बी इसरी गया?”

किशोरला हे माहीत असायला हवे होते. मलाही. फुईला नारळ, हळद-कुंकू घेऊन दारात जाऊन बोलवायचे असते. आम्ही दोन देशांचे कागद बिनचूक केले होते आणि हे केले नव्हते.

खापर

खापर अक्कलकुवा तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ आहे. जीप ठरवली. तळोद्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढे जड वाहनांनी तो खाल्ला आहे. जीप कधी डावीकडे, कधी उजवीकडे आणि बराच वेळ मातीतून चालली. उजव्या हाताला सातपुडा. अक्कलकुवा सोडल्यावर मुलीने सकाळची खिचडी किशोरच्या शर्टावर काढली. बाटलीतल्या पाण्याने जमेल तेवढे धुतले. बहिणीचे मन वळवायला जाणारा भाऊ ओल्या शर्टाने, आंबट वासाने आणि हातात नारळ घेऊन उतरला.

ताईंच्या यजमानांचे बी-बियाणे आणि औषधांचे दुकान आहे, पण गल्ल्यावर ताई बसतात. त्या दिवशी बाजार होता. डोंगरातून आलेल्या बाया हरभऱ्यावरच्या अळीचे औषध मागत होत्या. ताई त्यांच्याशी भिलीत बोलत होत्या, मात्रा बोटांवर मोजून दाखवत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी मान हलवली आणि बाकाकडे बोट केले. किशोरच्या शर्टाकडे एकदा पाहिले. आत आवाज दिला, “भूमी, बापनं शर्ट आन. धुयेल आन.”

शर्ट आला, चहा आला. नारळ बाकावर तसाच राहिला. ताईंनी मुलीकडे पाहिले नाही.

मुलगी खाली उतरली आणि तडक फळीकडे गेली. खालच्या फळीवर औषधाच्या बाटल्या होत्या. तिचा हात पोचायच्या आत ताई गल्ल्यावरून माझ्यावर ओरडल्या, “ओ सुनीता! ध्यान कोठे शे तुन्हं? जहर शे ते! भूमी, तिले आथून भाहेर ली जाय!”

भूमी म्हणजे ती तिसरी मुलगी. आता अकरा वर्षांची, उंच, कपाळावर क्लिपा. तिने मुलीला कमरेवर घेतले आणि दुकानाच्या पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसले. ती मुलीच्या वेण्या मोजत होती. मध्येच तिने विचारले, “मामी, तुम्ही मले लेवाना व्हतात ना?”

हे तिला माहीत असेल असे मला वाटले नव्हते. मी मागे पाहिले. ताई दहा फुटांवर पावती लिहीत होत्या.

“तुझ्या आईनं विचारलं होतं,” मी म्हटले.

“मंग?”

“तुझा मामा म्हणाला, तिची आई इथंच आहे, दर दिवाळीला समोर येणार. पोरीनं दोघींतल्या कोणाला आई म्हणायचं? आणि एकीला म्हटलं तर दुसरीनं काय करायचं? त्याला ते झेपलं नसतं.”

भूमीने विचार केला. “बरं व्हयनं,” ती म्हणाली. “तुमना गावमा नेट नही चालत.”

मागे पावती लिहिण्याचा आवाज थांबला होता. गिऱ्हाईक हात पुढे करून उभे होते. ताईंनी पावती फाडून दिली, सुटे दिले आणि किशोरकडे वळल्या.

“हाई तवय काब्र सांगं नही?”

“अण्णाले सांगेल व्हतं.”

“अण्णानी येवढंच सांगं, ‘ते नही म्हनतस.’”

“मी समदं सांगेल व्हतं, ताई.”

“अण्णा कवय पुरी गोट सांगतस?” ताई म्हणाल्या. “तू येवाना व्हता. तू नही उना. अकरा वरीस मी समजनू, आंडेर शे, पोऱ्या नही, म्हनीसन नको व्हई तुमले.”

दोन गिऱ्हाइके आली आणि गेली. मग किशोरने नारळ उचलून गल्ल्यावर ठेवला, वर हळद-कुंकवाची पुडी ठेवली. “परोनदिन बारसं शे,” तो म्हणाला. “तू ये.”

“देखसू,” ताई म्हणाल्या. त्यांनी नारळ परत दिला नाही. फळीवर, बाटल्यांच्या वर, ठेवून दिला. घेतला की बाजूला केला, हे परतीच्या पूर्ण रस्त्यात आम्हाला ठरवता आले नाही.

बारसे

सासूबाईंनी पाळणा बांधला. किशोर ज्यात वाढला तो नव्हे, शेजारून आणलेला. आमचा केव्हाच मोडला. मुलीला त्यात ठेवले तेव्हा ती उभी राहिली. बसवले, उभी राहिली. तिसऱ्या वेळी तिने एक पाय बाहेर काढला. जमलेल्या बायकांपैकी एकजण म्हणाली, “हाई पोर पाळनामा नही, मोटरसायकलवर बशी.”

अकरा वाजता घुगऱ्या शिजल्या. बारा वाजता बायकांनी विचारले, फुई कुठे आहे? सासूबाईंनी सांगितले, येते. साडेबाराला पुन्हा विचारले. सासूबाईंनी घुगऱ्या वाटायला घेतल्या, म्हणजे विचारणाऱ्यांच्या तोंडात काहीतरी राहील. अण्णा ओट्यावर बसून होते आणि रस्त्याकडे पाहत नव्हते. ते उलट गोठ्याकडे तोंड करून बसले होते. किशोर फाटकापर्यंत गेला आणि आला. मी घरात, ओसरीत, मागच्या दारी अशी फिरत होते आणि माझ्यामागे मुलगी. कोणी तिला ‘बाळ’ म्हणत होते, कोणी ‘पोर’. मी स्वतः चार दिवस तिला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. अन्वी म्हणायला अडत होते आणि किराबो म्हणायलाही.

एक वाजून दहा मिनिटांनी ताई आल्या. एसटीने, भूमीला घेऊन. फाटकातून आत येताना त्यांनी कोणाकडेही पाहिले नाही. चूळ भरली, पाय धुतले, पाळण्याशी जाऊन बसल्या. पिशवीतून झबले आणि टोपडे काढले. खापरला त्यांनी मुलीला हातही लावला नव्हता. झबले चौदा महिन्यांच्या मुलीचे होते आणि अंगात नीट बसले.

“कागदवर काय नाव शे?” त्यांनी विचारले.

“किराबो अन्वी,” किशोर म्हणाला.

ताईंनी मुलीकडे पाहून हाक मारली. “अन्वी.”

मुलगी टोपड्याची नाडी चावत होती.

“अन्वी! ओ अन्वी!” काही नाही. “आते ते दुसरं.”

“किराबो,” मी म्हटले.

मुलीने मान वळवली आणि हात पुढे केले. ताईंनी ते नाव मनात म्हणून पाहिले, ओठ हलले. “हाई कोन ठी?”

“जॉयसनं. तिथं सांभाळायची ती. पहिल्या दिवशी तिनंच हातात घेतलं.”

“बरी शे का ती बाई?”

“बरी आहे. निघताना रडली.”

“मंग फुई ती व्हयनी,” ताई म्हणाल्या. “मी नही.”

सासूबाईंचा हात घुगऱ्यांच्या पातेल्यात थांबला. किशोर म्हणाला, “ताई...”

“गप बस. तुले कोन इचारं? तू कागदवर लिखनारा.” त्या माझ्याकडे वळल्या. “ती काय आठे येवानी नही. तिना जागावर मी. पुन्हा सांग, कसं म्हनतस?”

मी सांगितले. त्यांनी तीन वेळा म्हणून पाहिले. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा जवळ गेले. मग मुलीला पाळण्यात ठेवले. ती उभी राहिली. ताईंनी पुन्हा ठेवले, ती पुन्हा उभी राहिली आणि पाळणा एका बाजूला कलला. “ठीक शे, उभीच ऱ्हाय,” ताई म्हणाल्या. त्या स्वतः गुडघ्यांवर उठल्या, एका हाताने पाळण्याचा दोर धरला, दुसऱ्याने मुलीचे डोके आपल्याकडे ओढले आणि कानाशी तोंड नेले. तोंडाच्या वाफेने मुलीला गुदगुल्या झाल्या. ती किंचाळून हसली आणि ताईंच्या नाकातली चमकी धरली. नाव कानात गेले की नाही, कोणी सांगू शकत नाही. ताईंनी चमकी सोडवून घेतली आणि मोठ्याने, ओसरीला ऐकू जाईल असे म्हटले, “किराबो.”

बायकांनी ते आपापल्या परीने म्हटले. सासूबाईंनी साखर वाटली. अण्णा ओट्यावरून उठून आत आले, नाव पुन्हा विचारले आणि त्यांच्या तोंडी ते काही नीट येईना. भूमीने त्यांना तोडून तोडून शिकवले.

साडेतीनच्या एसटीने ताई परत निघाल्या. मी फाटकापर्यंत गेले. किराबो त्यांच्या कमरेवर होती आणि उतरत नव्हती.

“सुनीता,” त्या म्हणाल्या, “मन्ही पोर तुमले देवाले उनू ते सोपं नही व्हतं. ते मी ध्यानमा ठेल शे. किशोरले सांगजो.”

“सांगते.”

“पुरं सांगजो. अण्णानागत नको.”

“हो.”

त्यांनी मुलीला माझ्याकडे दिले. एसटी वळणावर दिसत होती. ताईंनी पदर खोचला, पिशवी भूमीकडे दिली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“आनि मन्हं लुगडं कोठे शे?”

नाव ठेवणाऱ्या फुईला लुगडे द्यायचे असते. ते आम्ही आणले नव्हते. त्या येतील असे धरून चालायची आमची हिंमत झाली नव्हती. मी ते सांगायला सुरुवात केली.

“मले कारन नको सांगू,” त्या एसटीच्या पायरीवर पाय ठेवत म्हणाल्या. “आठ दिनमा लुगडं नही उनं, तं नाव परत ली जासू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे लुगडे घ्यायला नंदुरबारला गेलो.